काट्यांआडची गाठ

पांढऱ्या मऊ कापडावर रुपयाएवढा लालसर डाग. टेक्सासहून भाचीने पाठवलेल्या फोटोत एवढंच दिसत होतं. खाली लिहिलं होतं, "मावशी, सावरीच्या बिछान्यावर आज सकाळी हे सापडलं. लघवीतून रक्त जातंय का गं?"

सावरी म्हणजे भाचीने पाळलेली हेजहॉगची मादी. वय तीन वर्षं, वजन ४२० ग्रॅम. काटेसावरीवरून तिचं नाव सावरी. भाचीने तिला त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्याकडे नेलं. मूत्रमार्गाला संसर्ग झाला असावा, असं सांगून त्यांनी प्रतिजैविक दिलं. आठवडाभर डाग दिसले नाहीत, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मग ते परत दिसले. तिसऱ्या आठवड्यात भाची अशा लहान, वेगळ्या प्राण्यांवरच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली. सोनोग्राफी झाली. मूत्राशय ठीक होतं, गर्भाशय मात्र जाड झालं होतं आणि त्यात गाठीसारखं काही दिसत होतं.

त्या तीन आठवड्यांचं शल्य भाचीला अजून आहे. हेजहॉग पाळणाऱ्या पुष्कळ घरांची गोष्ट अशीच सुरू होते, हे मला पुढे वाचताना कळलं. या प्राण्याला कर्करोग फार होतो आणि तो फार उशिरा लक्षात येतो. दोन्हींची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

साळिंदर नव्हे, चिचुंद्रीचा नातलग

काटे पाहून आपल्याला पहिलं साळिंदर आठवतं, पण त्याचं आणि हेजहॉगचं नातं नाही. साळिंदर उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा प्राणी. हेजहॉग चिचुंद्री आणि मोल यांच्या गोतावळ्यातला, मुख्यतः किडे खाऊन जगणारा. भारतातही हेजहॉग आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात आणि दक्षिणेत तामिळनाडूकडे त्यांच्या जाती आढळतात. पण ते रानातले जीव आहेत. त्यांना पकडून घरी ठेवायचा विचारही कुणी करू नये.

अमेरिका, युरोप, जपान इथे पाळला जातो तो आफ्रिकी बुटका हेजहॉग. त्याचं मूळ घर म्हणजे सेनेगलपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरलेली गवताळ माळरानं. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला हे प्राणी मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरेल या भीतीने १९९१ च्या सुमारास आफ्रिकेतून होणारी आयात थांबली. त्यामुळे आज अमेरिकेतल्या घरांमध्ये दिसणारे हेजहॉग बहुतेक त्या मर्यादित संख्येच्या प्राण्यांचीच प्रजा आहेत. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या वंशात दोष साचतात, हे आपल्याकडच्या गायी-म्हशी पाळणाऱ्यांनाही ठाऊक असतं. कर्करोगाचं प्रमाण वाढण्यामागे हेही एक कारण असावं, असं अनेक पशुवैद्यांना वाटतं.

परदेशी गेलेल्या मराठी घरांमधल्या मुलांनाही या प्राण्याची भुरळ पडते. त्यांच्यासाठी एक सूचना. कॅलिफोर्निया राज्यात आणि न्यूयॉर्क शहरात हेजहॉग पाळायला कायद्याने बंदी आहे. आणायच्या आधी आपल्या गावचा नियम पाहावा. चोरून पाळलेल्या प्राण्याला डॉक्टरकडे न्यायला माणूस कचरतो, आणि या आजारात तो उशीरच घात करतो.

निम्म्याहून अधिक

२००१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळीव आणि प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने ६६ आफ्रिकी हेजहॉगांच्या नोंदी चाळल्या. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक प्राण्यांमध्ये गाठी सापडल्या. काहींमध्ये तर एकाहून अधिक प्रकारच्या होत्या. या गाठींपैकी दहात आठांहून जास्त घातक, म्हणजे कर्करोगाच्या होत्या.

हा आकडा वाचताना एक भान ठेवायला हवं. प्रयोगशाळेत नमुना जातो तो आजारी किंवा मेलेल्या प्राण्याचा. घरोघरच्या निरोगी हेजहॉगांची ती शिरगणती नाही. तरीही कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनाही चकित करावं इतकं हे प्रमाण मोठं आहे. पुढच्या काळातल्या पाहण्यांमधूनही गाठी हा या प्राण्याचा मोठा शत्रू आहे हेच दिसत आलं.

वय बहुधा तीनच्या पुढे असतं. हेजहॉगचं आयुष्य साधारण चार ते सहा वर्षांचं, म्हणजे तिसरं वर्ष ही त्याची उतरणीची सुरुवात. 'अजून तीनच वर्षांचा तर आहे' हे वाक्य माणसाच्या हिशेबाने सुचतं. त्याच्या हिशेबाने तो पन्नाशीत पोचलेला असतो.

कारणांचा शोध चालूच आहे. १९९४ साली दोन हेजहॉगांमध्ये हाडांचा कर्करोग आढळला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठींत रेट्रोव्हायरससारखे कण दिसले. काही गाठींमागे विषाणू असतील, ही शंका तेव्हापासून आहे. वंश, वय आणि विषाणू यांतला कुणाचा किती वाटा, हे कोडं सुटलेलं नाही.

नेहमी भेटणाऱ्या चार गाठी

पहिली स्तनांची. मादीच्या पोटाखाली त्वचेत वाटाण्याएवढी किंवा हरभऱ्याएवढी टणक गाठ लागते. सुरुवातीला ती दुखत नाही. मात्र यातल्या बहुतेक गाठी घातक निघतात.

दुसरी गर्भाशयाची. सावरीला हीच होती. हिची खूण म्हणजे बिछान्यावरचं रक्त. हेजहॉगच्या मादीला आपल्यासारखी मासिक पाळी येत नाही, त्यामुळे असं रक्त कधीच 'नेहमीचं' नसतं. गर्भाशयातून येणारं रक्त लघवीबरोबर बाहेर पडतं, म्हणून ते लघवीतलं वाटतं. शिवाय ते थांबून थांबून येतं. औषध सुरू असताना ते आपोआप थांबलं की औषधाने गुण आला असा समज होतो. सावरीच्या बाबतीत असंच घडलं. दोन वर्षांपुढच्या मादीच्या बिछान्यावर रक्त दिसलं, तर गर्भाशय निर्दोष आहे हे सिद्ध होईपर्यंत संशय तिथेच धरावा, असं हे प्राणी रोज पाहणारे डॉक्टर सांगतात. यातल्या सगळ्याच वाढी कर्करोगाच्या नसतात. काही साधे मस्से असतात. पण साधा मस्साही सतत रक्त घालवत राहिला, तर एवढ्याशा जिवाला तो झेपत नाही.

तिसरी तोंडातली. हिरडीच्या कातडीपासून निघणारा हा कर्करोग हाडात घुसतो. दात हलू लागतात, तोंडाला घाण वास येतो, घास तोंडातून गळतो, एका बाजूचा गाल किंवा जबडा सुजतो. हेजहॉगांना दातांचे साधे आजारही होतात, म्हणून दात काढून, प्रतिजैविक देऊन वाट पाहिली जाते. दात काढल्यावर जखम भरत नसेल, तर तिथला तुकडा तपासायला पाठवायलाच हवा.

चौथी लसिकापेशींची, म्हणजे लिम्फोमा. ही हाताला लागेलच असं नाही. आतडी, यकृत, प्लीहा, कुठेही पसरते. प्राणी हळूहळू रोडावतो, मलूल होतो, कधी जुलाब लागतात, कधी धाप लागते. लक्षणं इतकी मोघम की म्हातारपण समजून सोडून दिली जातात.

बटव्याची नाडी

आता उशीर का होतो ते. हेजहॉगच्या पाठीवरच्या कातडीच्या कडेने एक गोल, भक्कम स्नायू असतो. धोका जाणवला की तो आवळतो आणि बटव्याची नाडी ओढावी तशी काटेरी कातडी डोकं, पाय, पोट सगळ्यावरून ओढली जाते. प्राणी अंगाचं मुटकुळं करतो. बाहेर उरतात फक्त काटे, चहूबाजूंना रोखलेले.

आफ्रिकेच्या माळावर या युक्तीने त्याचा जीव वाचतो. दवाखान्याच्या टेबलावर तीच युक्ती त्याच्या मुळावर येते, कारण वरच्या यादीतल्या गाठी स्तनांत, गर्भाशयात, तोंडात, पोटात असतात. नेमका तोच सगळा भाग तो झाकून घेतो. मालकालाही त्याचं पोट क्वचितच दिसतं. त्यात तो निशाचर. दिवसभर झोपलेला प्राणी मरगळलेला आहे की नेहमीसारखा झोपलाय, हे कळणार कसं? आणि शिकार होणाऱ्या सगळ्या जीवांप्रमाणे तोही दुखणं अंगावर काढतो.

म्हणून हेजहॉगची खरी तपासणी बहुतेक वेळा भूल देऊनच होते. पारदर्शक पेटीत त्याला ठेवून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू सोडतात. काही मिनिटांत नाडी सैल होते, मुटकुळं उलगडतं. मग नाकावर छोटा मुखवटा ठेवून वायू चालू ठेवतात, अंगाखाली उबेची गादी घालतात. डॉक्टर तोंड उघडून हिरड्या पाहतात, पोट चाचपतात, स्तनांवरून बोटं फिरवतात. वायू बंद केला की प्राणी थोड्याच वेळात जागा होतो. 'साध्या तपासणीला भूल कशाला?' असा प्रश्न पडतो, पण हेजहॉगच्या बाबतीत भूल न देता केलेली तपासणी पुष्कळदा काट्यांचीच तपासणी ठरते.

निदानाच्या पायऱ्या

भूल दिलेली असतानाच पुढचं काम उरकतात. एक्स-रे काढताना पाठीवरच्या काट्यांची सावली छातीवर आणि पोटावर पडते, म्हणून सैल काटेरी कातडी चिमट्याने वर ओढून धरतात. सोनोग्राफीत गर्भाशय, यकृत, पोटातलं पाणी कळतं. जबड्याच्या किंवा छातीतल्या गाठीची व्याप्ती पाहायला सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

रक्ततपासणीचं गणित नाजूक असतं. ४०० ग्रॅमच्या हेजहॉगच्या अंगात सगळं मिळून सुमारे ३० मिलिलिटर रक्त, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. त्यातलं थोडंसंच काढता येतं, आणि रक्तस्राव होत असेल तर त्याहूनही कमी. इतकं सांभाळून घेतलेलं रक्त मूत्रपिंड, यकृत आणि रक्तक्षय यांची कल्पना देतं. कर्करोग आहे की नाही, हे मात्र ते सहसा सांगत नाही.

ते सांगते गाठ स्वतःच. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काचेवर पसरून पाहता येतात. शेवटचा शब्द मात्र तुकड्याच्या तपासणीचा, बायोप्सीचा. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. प्रयोगशाळेत तो मेणात बसवून त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप घेतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रकं निळीजांभळी होतात, भोवतालचा भाग गुलाबी. निरोगी ऊतीत पेशी ओळीने, एकसारख्या बसलेल्या असतात. कर्करोगात केंद्रकं लहानमोठी आणि गडद दिसतात, विभागणाऱ्या पेशी जागोजागी असतात आणि त्यांच्या रांगा शेजारच्या ऊतीत घुसलेल्या असतात. तुकड्याची कड गाठमुक्त आहे का, हेही इथेच कळतं. कड स्वच्छ असेल तर गाठ पूर्ण निघाल्याची आशा धरता येते.

निदानात फसवणारे आजारही आहेत. हेजहॉगांमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार आहे. त्यात प्राणी आधी मागच्या पायांनी लटपटतो आणि काही महिन्यांत लुळा पडतो. त्यावर इलाज नाही. पण मेंदूतली गाठही हुबेहूब अशीच लटपट दाखवू शकते. शिवाय खोली थंड पडली, तरी हा उष्ण प्रदेशातला प्राणी गारठून सुस्त आणि डळमळीत होतो. त्याला साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. म्हणून लटपटणाऱ्या हेजहॉगचं पोट आधी हाताला गार लागतंय का ते पाहावं, त्याला ऊब द्यावी आणि लगेच डॉक्टर गाठावा. उलट, तोंडाला फेस आणून तो स्वतःच्या काट्यांना चोपडताना दिसला तर घाबरू नये. नवा वास आला की हेजहॉग असं करतोच. झटका म्हणून धावत दवाखान्यात येणारे मालक डॉक्टरांना ओळखीचे असतात.

सुरी, औषध आणि ऊब

उपचारांत सर्वांत भरवशाची गोष्ट शस्त्रक्रिया. गाठ एका जागी असेल आणि ती पूर्ण काढता येत असेल, तर प्राण्याला चांगले दिवस मिळतात. गर्भाशयाच्या गाठींत हे विशेष खरं आहे. पसरण्याआधी गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले, तर पुष्कळ माद्या पुढे चांगल्या जगतात. म्हणूनच काही डॉक्टर तरुण, निरोगी मादीचं गर्भाशय आधीच काढून टाकण्याचा सल्ला देतात. स्तनाची गाठ आजूबाजूच्या निरोगी भागासकट काढतात. तोंडातल्या कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागतो. तिथे पूर्ण यश कठीण, आणि गाठ परत येण्याचं प्रमाण मोठं.

एवढ्याशा शरीरावर शस्त्रक्रिया करताना दोन शत्रू असतात, थंडी आणि रक्तस्राव. काही थेंब रक्तही हिशेबात धरावं लागतं. टाके विरघळणारे आणि कातडीच्या आत घालतात, म्हणजे प्राण्याला ते ओढता येत नाहीत. घरी आल्यावर काही दिवस त्याचं पळण्याचं चाक काढून ठेवायचं, बिछान्याला लाकडाच्या भुशाऐवजी स्वच्छ कापड घालायचं आणि पिंजरा उबदार ठेवायचा.

केमोथेरपी आणि किरणोपचार काही हेजहॉगांवर झाले आहेत, पण अशा प्रकरणांची संख्या हातावर मोजण्याइतकी आहे. औषधांचं प्रमाण कुत्रा, मांजर, फेरेट यांच्या अनुभवावरून बेतावं लागतं. किरणोपचाराला प्रत्येक वेळी भूल लागते. लिम्फोमात प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड काही काळ भूक आणि तरतरी आणतं, पण तो बरा करणारा उपचार नव्हे.

वेदनाशमन मात्र कुठल्याही टप्प्यावर करता येतं आणि करायलाच हवं. डॉक्टर मेलॉक्सिकॅम, ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं वजनानुसार थेंबांच्या हिशेबात देतात. घरातली माणसांची गोळी चुरून देऊ नये. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन एवढ्या लहान जिवाला विषासारखं भोवू शकतं. डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइड आणि मेलॉक्सिकॅम एकत्र देणंही पोटाला धोक्याचं असतं. खात नसेल तर डबाबंद मांजराचं अन्न कोमट पाण्यात पातळ करून सिरिंजने, तोंडाच्या कडेने, थोडं थोडं भरवता येतं.

वजनकाटा

काट्यांच्या आड काय चाललंय हे बाहेर सांगणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या संध्याकाळी, हेजहॉगला हलक्या डब्यात ठेवून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. ४०० ग्रॅमच्या प्राण्यात ४० ग्रॅमची घट डोळ्यांना कळत नाही. पण ती शरीराचा दहावा हिस्सा असते, म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्यासारखं. अशी घट दिसली की पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये.

मादी असेल तर बिछाना नेहमी पांढरा किंवा फिक्या रंगाचा ठेवावा. नक्षीदार, गडद कापडावर रक्ताचा डाग लपतो. लहानपणापासून रोज हाताळलेला हेजहॉग मालकाच्या तळहातावर सैलावतो, तेव्हा अलगद पोटाखालून बोटं फिरवता येतात. उथळ कोमट पाण्यात सोडला की तो मुटकुळं उघडतो, त्या वेळी खालून पोट बघता येतं. जांभई दिली की हिरड्या पाहून घ्याव्यात. तीन वर्षांपुढे वर्षातून दोनदा डॉक्टरी तपासणी करावी. आणि डॉक्टर निवडताना विचारून घ्यावं, की तुम्ही हेजहॉग पाहता का, त्यांना भूल देता का. नेहमीच्या पशुवैद्याला हा प्राणी वर्षा-दोन वर्षांत एखादाच भेटतो. त्यात त्याचा दोष नसतो.

सावरी

सावरीची शस्त्रक्रिया झाली. अहवालात गाठ घातक निघाली, पण ती गर्भाशयाच्या भिंतीबाहेर गेलेली नव्हती. दहाव्या दिवशी भाचीने चाक परत लावलं. त्या रात्री चाकाचा आवाज ऐकत ती जागी राहिली, असं तिने मला फोनवर सांगितलं. पुढे चौदा महिने सावरी धावत होती, खात-पीत होती. भाचीची वही त्या चौदा महिन्यांची साक्षीदार आहे: ४१०, ४१५, ४२२, ४२०.

मग ती वही उतरू लागली. ४०२, ३८८, ३६१. या वेळी भाचीने तिसऱ्या आठवड्याची वाट पाहिली नाही. पोटात पाणी होतं, यकृतावर डाग होते. आणखी चिरफाड करून हाती काही लागणार नव्हतं. वेदना थांबवत, हाताने भरवत दहा दिवस गेले. सावरीने आवडीचे किडेही नाकारले, हात लावला तरी मुटकुळं करणं सोडलं, तेव्हा भाचीने निर्णय घेतला. त्याच वायूच्या पेटीत सावरी आधी गाढ झोपली, मग डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. हेजहॉगसाठी ही रीत योग्य मानतात, कारण सुईची भीती आणि धडपड त्याला सोसावी लागत नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "शवविच्छेदनाला परवानगी द्याल का?" भाचीने मला फोन लावला. मी तिला २००१ च्या अभ्यासातल्या त्या ६६ हेजहॉगांविषयी सांगितलं. ते कुणाच्या घरातले, कुणी पाळलेले, कुणाचे लाडके, हे आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांच्या माणसांनी आणि डॉक्टरांनी दुःखाच्या घडीला तुकडे प्रयोगशाळेत पाठवले, म्हणून पुढच्या डॉक्टरांना बिछान्यावरचं रक्त पाहून गर्भाशय आठवलं. सावरीची चौदा महिन्यांची कमाई त्यांच्यामुळे होती.

भाचीने सही केली. वही तिने जपून ठेवली आहे. शेवटच्या पानावर वजनाच्या रकान्यात काही नाही, फक्त अहवालाचा क्रमांक लिहिलेला आहे.